पाइस हॉटेलचा हिशोब आणि कार्डाची बाकी

कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांच्या गर्दीतून भवानी दत्त लेनमध्ये शिरलं की स्वाधीन भारत हिंदू हॉटेल लागतं. कोलकात्यात अशा खानावळींना पाइस हॉटेल म्हणतात. पाइस म्हणजे जुन्या काळचा पैसा. फळ्यावर खडूनं त्या दिवशीचे मासे लिहिलेले असतात आणि फळा रोज बदलतो. पण या हॉटेलांची खरी ओळख मला माशांपेक्षा त्यांच्या बिलात दिसते. ठरलेलं ताट असं तिथं नसतंच. भात वेगळा, डाळ वेगळी, बटाट्याच्या काचऱ्या वेगळ्या, माशाचा तुकडा वेगळा. केळीचं पान घेतलंत तर त्याचे पैसे वेगळे, लिंबाची फोड मागितली तर तिचेही. जेवण झालं की वाढपी आपण काय काय घेतलं ते एका दमात, चालीवर म्हटल्यासारखं, गल्ल्यावरच्या माणसाला ऐकवतो आणि आकडा ठरतो. पानावर आलेली प्रत्येक गोष्ट नावानिशी कानावर पडते. दुसऱ्या दिवशी तीच फोड मागायची की नाही, हे मग माणूस न सांगता ठरवतो.

क्रेडिट कार्डाच्या कर्जात अडकलेल्या माणसाचा खर्च नेमका याच्या उलट झालेला असतो. त्याच्या पानावर काय काय वाढलं गेलं ते कुणी मोठ्यानं वाचत नाही. महिन्याच्या शेवटी एक एकरकमी आकडा येतो, आणि त्या आकड्यात लिंबाची फोड कुठली नि मासा कुठला हे त्यालाही आठवत नाही. कर्ज फेडण्यासाठी काटकसर करायची तर सुरुवात ‘कमी खर्च करा’ या उपदेशानं होत नाही. खर्च पुन्हा मोजता येईल अशा रूपात आणावा लागतो. हे मी पटवून देणार आहे, आणि त्यासाठी आकडेमोडीत थोडं खोल शिरावं लागेल.

पैसे देताना माणसाला कुठंतरी दुखतं. मानसशास्त्रज्ञांनी हे दुखणं मोजूनही पाहिलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधले ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं, पैसे रोख द्यायचे. काहींना सांगितलं, कार्डानं. कार्डवाल्यांच्या बोल्या रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त गेल्या. तिकीट तेच, सामना तोच, फक्त पैसे देण्याची रीत बदललेली.

आपल्याकडे हे आणखी सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेनं जून २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली. तेव्हापासून क्यूआरचा चौकोन स्कॅन करताना पैसे खात्यातून जातात की उधारीवर, हा फरक अंगठ्याच्या एका दाबाएवढा उरला. गरियाहाटच्या दुकानातला गमछा, मिठाईच्या दुकानातला पाव किलो संदेश, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडची गोळ्यांची पाकिटं. हे सगळं पूर्वी खिशातून जायचं आणि खिसा हलका झालेला कळायचा. आता ते मुकाट्यानं एका यादीत जाऊन बसतं.

बंगालीत उधारीला ‘बाकी’ म्हणतात. आपल्या दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते, तशी इथल्या किराणा दुकानांत ‘बाकी मागून लाजवू नका’ अशा अर्थाची पाटी असते. दुकानदाराला बाकी देणं जड जातं, म्हणून ती पाटी. कार्ड देणाऱ्या बँकेचं गणित वेगळं आहे. तिला बाकी राहिलेली चालते. तिची मोठी कमाईच त्या बाकीवर असते. कोलकात्यात एकेकाळी व्याजानं पैसे देणारे काबुलीवाले घरोघर फिरत. त्यांच्याबद्दल लोक सांगत की काबुलीवाल्याला मुद्दल परत नको असतं, व्याज तेवढं वेळेवर हवं असतं. रवींद्रनाथांची १८९२ सालची ‘काबुलीवाला’ ही कथा आपण त्यातल्या चिमुकल्या मिनीसाठी लक्षात ठेवतो, पण कथेतला काबुलीवाला रहमत तुरुंगात जातो तो एका रामपुरी शालीच्या उधारीपायी. शाल घेणारा बाकी नाकारतो आणि भांडण सुऱ्यापर्यंत जातं. देणं-घेणं हा विषय या शहराच्या साहित्याच्या मुळाशी आहे.

आता कार्डाच्या पत्रकाकडे वळू. त्यात दोन आकडे ठळक असतात. एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम बहुतेक वेळा बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. ती भरली की दंड लागत नाही, फोन येत नाहीत, क्रेडिट अहवालात थकबाकीचा डाग पडत नाही. म्हणून अनेकांना वाटतं की आपण वेळेवर फेडतो आहोत. हा समज सगळ्यात महागात पडतो.

एक उदाहरण पैशानिशी मांडतो. समजा, नोकरीसाठी साताऱ्याहून कोलकात्याला, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये आलेला एक मुलगा आहे आणि त्याच्या कार्डावर एक लाख रुपये साचले आहेत. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. असे दर सर्रास असतात. वर एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. घरकर्जाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र तो १८ टक्के लागतो. म्हणजे साडेतीनचे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात. पहिल्या महिन्याला एक लाखावर ४,१३० रुपये चढतात. मुलगा किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे सुमारे ५,२०६ रुपये भरतो. मुद्दलातून वजा होतात फक्त १,०७६ रुपये.

पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. तो तेवढीच भरतो. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी थोडी कमी. फेड आणि बाकी हातात हात घालून उतरत राहतात, आणि उतरण इतकी सावकाश असते की एक लाखाचे पन्नास हजार व्हायला ६४ महिने लागतात. पाच वर्षं आणि चार महिने. या काळात त्यानं बँकेला सुमारे २ लाख ४२ हजार रुपये दिलेले असतात, आणि तरी पन्नास हजार देणं उरलेलंच असतं. हे सगळं, कार्डावर एकही नवा रुपया खर्च केला नाही असं धरून.

आता त्याच मुलानं एकच बदल करावा. पहिल्या महिन्याचे ५,२०६ रुपये हा आकडा कायमचा धरून ठेवावा. पत्रकात किमान रक्कम कितीही उतरली तरी आपण ५,२०६ च भरायचे. एवढ्यानं सगळं कर्ज ३९ महिन्यांत संपतं. खिशातून जाणारी महिन्याची रक्कम कधीच वाढलेली नाही, ती फक्त घसरू दिली नाही. कर्जफेडीच्या सगळ्या उपायांत मला हा सर्वात मोलाचा वाटतो, कारण यात काहीच सोडावं लागत नाही. पत्रकातला किमान आकडा डोळ्यांपुढे असला की माणूस त्याच्याकडे ओढला जातो, असं ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ नील स्ट्युअर्ट यांनी २००९ मध्ये प्रयोगानं दाखवलं होतं. त्या आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवून आपला आकडा पेननं लिहावा, हे मी अगदी गंभीरपणे सुचवतो.

रोजच्या खर्चाला कात्री लावण्याचा मुद्दा येतो तो यानंतर. या ५,२०६ वर त्यानं महिन्याला १,५०० रुपये जास्त भरले, म्हणजे रोजचे पन्नास, तर कर्ज ३९ ऐवजी २४ महिन्यांत फिटतं. पंधरा महिने कमी. एकूण भरणा २ लाख ३ हजारांवरून सुमारे १ लाख ५९ हजारांवर येतो. दोन वर्षांत त्यानं जादा टाकले ते पस्तीस हजारांच्या आसपास, आणि ते धरूनसुद्धा एकूण चव्वेचाळीस हजार कमी गेले.

असं का होतं, हे समजलं की काटकसरीला अर्थ येतो. कार्डाच्या बाकीवर आज टाकलेले शंभर रुपये वर्षभरात १६२ रुपयांचं काम करतात, कारण तेवढं व्याज चढायचं थांबतं. तेच शंभर रुपये मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला सहा-सात रुपये वाढतील. कार्डाच्या कर्जात असलेल्या माणसाला बाजारात कुठंही मिळणार नाही असा परतावा त्याच्या स्वतःच्या खिशातल्या पन्नास रुपयांत मिळतो. एरवी पन्नास रुपये वाचवून कुणाचं भलं होत नाही, हे मलाही मान्य आहे. साडेतीन टक्के महिन्याच्या कर्जाखाली मात्र ते पन्नास वेगळेच असतात.

हे पन्नास रुपये कोलकात्यात कुठून येतील? या शहराची मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. इथं स्वस्तात जगण्याच्या वाटा अजून शाबूत आहेत आणि त्या वाटांनी जाण्यात कमीपणा मानला जात नाही. डलहौसीच्या ऑफिसपाड्यात साहेब आणि शिपाई डेकर्स लेनमध्ये एकाच बाकावर जेवतात. मेट्रोचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं. २२ ऑगस्ट २०२५ ला सियालदह ते एस्प्लनेड हा राहिलेला तुकडा जोडला गेला आणि हावडा मैदानापासून हुगळी नदीच्या खालून थेट सेक्टर फाइव्हपर्यंत गाडी सलग धावू लागली. जो मुलगा पावसाचं निमित्त करून आठवड्यातून चारदा ॲपवरची टॅक्सी बोलवत होता, त्याला आता दुसरा चांगला पर्याय आहे. स्टेशनापासून घरापर्यंत वाटून घ्यायची ऑटो आहे. इथल्या ऑटो ठरलेल्या मार्गानं धावतात आणि माणशी भाडं घेतात, आपल्याकडच्यासारखं मीटरनं नाही. टॅक्सीच्या एका फेरीत आणि मेट्रो-ऑटोच्या फेरीत पन्नासाहून किती तरी जास्त फरक पडतो.

दुपारचं जेवण ही दुसरी जागा. ॲपवरून मागवलेल्या जेवणात पदार्थाची किंमत, डबाबंदीचं शुल्क, पोचवण्याचं शुल्क, ॲपचं स्वतःचं शुल्क असे थर असतात. पाइस हॉटेलचा वाढपी जसा पान आणि लिंबू वेगळं म्हणतो तसंच हे बिलही प्रत्येक गोष्ट वेगळी मांडतं, पण आपण खालचा एकच आकडा पाहून बटण दाबतो. एकदा ते थर वहीत उतरवून पाहावेत. आठवड्याचे पाच डबे असतील तर त्यातल्या तीन दिवशी घरचा डबा न्यावा, दोन दिवस मागवावं. पाचही दिवस बंद करण्याचा निश्चय दुसऱ्या आठवड्यात मोडतो, आणि मोडलेला निश्चय माणसाला आणखी खर्चात ढकलतो. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

बाजाराचं तर वेगळंच सांगायला हवं, कारण बंगालात राहणाऱ्या माणसाच्या रोजच्या खर्चाचा गाभा मासळी बाजारात असतो. सकाळी पिशवी घेऊन बाजाराला जाणं हा इथला नित्यनेम. मोठ्या माशाचे तुकडे करतानाही गादा, म्हणजे पाठीकडचा भाग, आणि पेटी, म्हणजे पोटाकडचा चरबीचा भाग, असा फरक असतो. पेटीला जास्त मागणी. हिल्साचे, म्हणजे इलिशचे, भाव पावसाळ्यातसुद्धा सामान्य घराला परवडत नाहीत. पण त्याच बाजारात खालच्या बाजूला लोटे मासे ढिगानं पडलेले असतात. लोटे म्हणजे आपले बोंबील! मुंबईकडून आलेल्या मराठी माणसाला कोलकात्याच्या बाजारात ओले बोंबील स्वस्तात मिळावेत यापेक्षा सुखाची गोष्ट ती कोणती? बंगाली घरात ते कांदा-लसूण-मिरचीत मोडून, कोरडं होईपर्यंत परततात आणि भाताबरोबर खातात. मोरला, पुंटी असे छोटे मासेही असेच. ताटातला मासा जात नाही, फक्त बदलतो. काटकसरीनं माणसाचं रोजचं जेवण बेचव केलं तर ती टिकत नाही, म्हणून हे बदल महत्त्वाचे. भाजीसाठी राज्य सरकारची ‘सुफल बांगला’ची दुकानं आणि गाड्या आहेत.

काही खर्चांना हात लावू नये. आरोग्य विम्याचा हप्ता थांबवून कार्ड फेडणं म्हणजे पुढच्या आजारपणाला कार्डावर आमंत्रण देणं. औषधं, मुलांची फी, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, यांनाही नाही. बंगाली घरांत मातीचं ‘लक्ष्मीर भांड’ असतं. फोडल्याशिवाय त्यातले पैसे निघत नाहीत. साडेतीन टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना त्या भांड्यात पैसे साठवत राहणं हिशोबानं तोट्याचं आहे. तरीही अडीनडीसाठी पाच-दहा हजारांची एक शिल्लक वेगळी ठेवावीच असं माझं ठाम मत आहे. ती नसेल तर गॅस सिलिंडर, बिघडलेला पंखा, तापाचं औषध असं काहीही पुन्हा कार्डावर जाईल आणि सहा महिन्यांची मेहनत वाया जाईल.

बाकी उरलेली असताना कार्ड वापरत राहिलं तर काय होतं, हे सांगायला हवं. पूर्ण रक्कम भरणाऱ्याला खरेदीपासून देय तारखेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते. मागच्या महिन्याची बाकी राहिली की ही मुदत बंद होते, आणि आजच्या खरेदीवर आजपासूनच व्याज सुरू होतं. बाकी असलेल्या कार्डावरून विकत घेतलेल्या बोंबलांवरही त्या सकाळपासून व्याज चढतं. म्हणून फेड चालू असेपर्यंत ते कार्ड फोनमधल्या ॲपांतून आणि यूपीआयमधून काढून टाकावं, आणि रोजचा खर्च रोखीनं किंवा बँकेतल्या स्वतःच्या पैशांतून करावा. एटीएममधून कार्डावर रोख उचलणं तर कधीच करू नये; तिथं पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क असतं.

जुन्या मराठी व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत त्या त्या दिवशीचा व्यवहार घडला त्या क्रमानं लिहायचा, खतावणीत तो ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. आपल्याला रोजकीर्द पुरे. दोनशे पानी वही, रोज रात्री पाच मिनिटं. पहिला महिना काहीही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. महिन्याअखेर त्या वहीत पन्नास रुपये कुठं आहेत ते आपोआप दिसतं, आणि प्रत्येकाच्या वहीत ते वेगळ्या जागी असतात. एकाचे टॅक्सीत, दुसऱ्याचे सिगारेटीत, तिसऱ्याचे कधीच न पाहिलेल्या तीन ओटीटी वाहिन्यांत. वाचलेले पैसे मात्र महिनाअखेरीपर्यंत खात्यात ठेवू नयेत. देय तारीख येण्याची वाट पाहावी लागत नाही. कार्डावर कधीही आणि कितीही वेळा भरणा करता येतो. दर शनिवारी साडेतीनशे रुपये भरून टाकावेत. व्याजात त्यानं फारसा फरक पडत नाही, पण खात्यात राहिलेले पैसे खर्च होतात आणि भरलेले होत नाहीत.

वर्षातून दोन वेळा ही शिस्त कसोटीला लागते. एक चैत्रात, जेव्हा गरियाहाट आणि हातीबागानच्या फूटपाथवर चैत्र सेल लागतो, दुसरी दुर्गापूजेआधी. पूजेला बंगालात घरातल्या प्रत्येकाला नवे कपडे लागतात, कामवालीपासून भाच्यापर्यंत, आणि त्यासाठीच बोनस आलेला असतो. या काळात खरेदी करू नका असं सांगणारा माणूस इथं राहिलेला नाही असं समजावं. बोनसचा अर्धा भाग आला त्या दिवशी कार्डावर भरावा आणि उरलेल्या अर्ध्यात, रोख पैसे घेऊन, बाजाराला जावं. पाकीट संपलं की बाजार संपला.

ही सगळी शिस्त लागते ती व्याजाच्या दरामुळे. एकेकाळी या देशात व्याजाला एक धर्मशास्त्रीय लगाम होता. दामदुपटीचा नियम. एका वेळी सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. ब्रिटिश अमलात न्यायालयं तो हिंदू कायदा म्हणून मानत, पण सगळीकडे नाही. सबंध मुंबई इलाख्यात तो चाले, वऱ्हाडात चाले. बंगालात कलकत्ता शहरात चाले, बाहेरच्या जिल्ह्यांत सहसा नाही. मराठी मुलूख आणि हे शहर यांना जोडणारा हा एक विसरलेला धागा आहे, आणि तो आठवला की मला आजच्या कार्डांच्या व्याजाबद्दल चीड येते. बँकांवर असा लगाम उरलेला नाही. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१-अ आलं. त्यानुसार व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला उकरून काढता येत नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. म्हणजे दर कमी होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

दर आपणच बदलू शकतो तो कर्ज बदलून. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली, तशी ती कोलकात्यातही आली. गलाईवाल्यांच्या घरांत सोन्याकडे अडचणीचा सोबती म्हणून पाहण्याची जुनी रीत आहे, आणि कार्डाच्या बाबतीत ती रीत हिशोबानंही बरोबर ठरते. सोनं तारण ठेवून बँकेचं कर्ज कार्डाच्या व्याजाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळतं. मुदत ठेवीवरचं किंवा आयुर्विमा पॉलिसीवरचं कर्जही स्वस्त पडतं. एक लाखाच्या कार्डबाकीच्या जागी असं कर्ज आलं की त्याच ५,२०६ रुपयांतले बहुतेक मुद्दलात जातात. मात्र कार्ड रिकामं झालं की पुन्हा भरू लागतं, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की कर्ज बदलण्याआधी कार्ड ॲपमधून गेलेलं असलंच पाहिजे. नाहीतर सोनंही अडकतं आणि कार्डही भरतं.

एकाहून जास्त कार्डं असतील तर सगळ्यांवर किमान रक्कम भरून उरलेला सगळा जोर सर्वात जास्त व्याजाच्या कार्डावर लावावा. हिशोब असं सांगतो. काही जणांना छोटी बाकी आधी मिटवून एक कार्ड संपल्याचं समाधान लागतं. व्याजाचे दर जवळपास सारखे असतील तर तसं करायला माझी हरकत नाही.

फेड थकलीच तर घाबरून फोन बंद करू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकावता येत नाही. नातेवाइकांना त्रास देता येत नाही. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही. न भरलेल्या शुल्कांवर आणि करांवर चक्रवाढ लावता येत नाही. बँकेला लेखी कळवावं, हप्ते बांधून मागावेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. तडजोडीत बँक काही रक्कम सोडून खातं मिटवायला तयार होते, पण मग क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे घरकर्ज मागताना तो आडवा येतो. सही करण्याआधी हे माहीत असावं.

आणि शेवटचा रुपया भरून झाल्यावर खातं रीतसर बंद करावं. कार्ड कात्रीनं कापलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही. बँकेला बंद करण्याची विनंती पाठवावी. बाकी शून्य असेल तर बँकेनं कामाचे सात दिवस उलटण्याआत ते बंद करायचं असतं. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद झाल्याचं पत्र जपून ठेवावं. महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून तिथंही तसं लिहिलं आहे ना ते पाहावं. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

एप्रिलच्या मध्यावर बंगाली नववर्ष येतं, पोयला बोईशाख. त्या दिवशी इथले व्यापारी हालखाता करतात. ‘हाल’ म्हणजे चालू, आपल्या ‘हल्ली’तला तोच शब्द. पहाटे कालीघाटला आणि दक्षिणेश्वरला लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या आणि गणपती-लक्ष्मीच्या मूर्ती डोक्यावर घेतलेल्यांच्या रांगा लागतात. संध्याकाळी दुकानं फुलांनी सजतात. जुनं गिऱ्हाईक घरच्या मंडळींना घेऊन येतं, वर्षाची बाकी टेबलावर ठेवतं. सोनार किंवा कापडवाला जुन्या वहीतलं त्याचं खातं बंद करतो, मिठाईचा डबा आणि गुंडाळलेलं बंगाली कॅलेंडर हातात देतो. मग नवी वही उघडून पहिल्या पानावर शेंदरात बुडवलेल्या नाण्याचा ठसा उमटवलेला दाखवतो. त्या पानावर अजून कुणाचंच नाव नसतं.